नेमबाजीच्या रेंजवरचे शिसे आणि आपली मुले

सांगली, मिरज आणि सातारा या भागात १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलाचा सराव करणाऱ्या मुलामुलींची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. नव्याने येणारे पालक रायफलची किंमत, जॅकेटचे माप आणि बालेवाडीच्या स्पर्धांच्या तारखा अगदी बारकाईने विचारतात. मात्र मुलाच्या हातातून रोज जाणाऱ्या शिशाविषयी सहसा कोणी विचारत नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो, माझी मुलगी रायफल चालवते आणि ती ज्या रेंजवर जाते तिथल्या देखभालीत माझाही हातभार असतो, म्हणून हा विषय सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी प्रमाण लक्षात घेऊ. स्पर्धेत वापरला जाणारा ४.५ मिलिमीटरचा रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि तो जवळजवळ पूर्णपणे शिशाचा असतो. ५०० छऱ्यांची एक डबी म्हणजे सुमारे २६५ ग्रॅम शिसे. एखादे मूल दिवसाला १५० छर्रे आणि आठवड्यातून ५ दिवस सराव करत असेल, तर ते आठवड्याला जवळपास ४०० ग्रॅम शिसे झाडते, आणि अशी १० मुले असतील तर त्या खोलीत दर आठवड्याला सुमारे ४ किलो शिसे टार्गेटमागच्या लोखंडी पत्र्यावर आदळते. रक्तातील शिसे मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एकट्या छऱ्यात ५ लाखांहून अधिक मायक्रोग्रॅम शिसे असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या एका डेसिलीटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी ते कुठून येते याचा शोध घेऊन ते थांबवायला हवे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने लहान मुलांसाठीची संदर्भमर्यादा त्याच वर्षी ५ वरून ३.५ वर आणली. याच्या खाली सर्व काही सुरक्षित आहे, अशी पातळी अद्याप कोणालाही सापडलेली नाही.

एअर रायफलमध्ये दारू नसते आणि ती पेटवणारा प्रायमरही नसतो, त्यामुळे तिच्यातून शिशाचा धूर निघत नाही, ही खरोखर जमेची बाजू आहे. पॉइंट टू टू, म्हणजे दारूची छोटी काडतुसे वापरणाऱ्या रायफलचे तसे नाही. तिची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते, प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट नावाचे शिशाचेच संयुग असते आणि तप्त वायूमुळे नळीच्या तोंडाशी शिशाचे अतिसूक्ष्म कण नेमबाजाच्या श्वासाच्या टप्प्यातच पसरतात. हे कण फुप्फुसांत खोलवर जातात आणि तिथून बहुतांश रक्तात उतरतात. एअर रायफलमध्ये हा मार्ग अरुंद असला तरी दुसरा मार्ग सताड उघडा राहतो. छर्रा सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने पत्र्यावर आदळून चपटा होतो आणि फुटतो, त्याची करडी भुकटी टार्गेटच्या पेटीत आणि खालच्या फरशीवर साचते, आणि छर्रे हाताळताना तीच भुकटी बोटांवरही बसते. बोटांवरून ती ओठांवर, डब्यातल्या पोळीवर आणि घरी गेल्यावर धाकट्या भावंडाच्या गालावर जाते.

मुलांची काळजी अधिक करायची ती दोन कारणांनी. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस साधारण दहावा हिस्सा शोषून घेतो, तर लहान मुलांमध्ये हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. शिवाय वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, लक्ष एकाग्र करण्याची आणि शिकण्याची क्षमता कमी होते, आणि हे नुकसान पुढे औषधाने भरून निघत नाही. एकाग्रता वाढावी म्हणून ज्या खेळाला आपण मुलांना घालतो, त्याच खेळाच्या भुकटीने ती कमी होऊ देणे मला अजिबात मान्य नाही. रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, पण त्यातले बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. पुढे गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम वापरले जाते तेव्हा हे शिसेही पुन्हा रक्तात येऊन गर्भापर्यंत पोहोचते, म्हणून आज रायफल धरणाऱ्या मुलींच्या बाबतीत अधिकच जपायला हवे. लोह आणि कॅल्शियम कमी असलेले शरीर शिसे जास्त शोषते, आणि आपल्याकडे किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय किती सर्रास आढळतो हे वेगळे सांगायला नको. रिकाम्या पोटी हे शोषण आणखी वाढते. त्यामुळे शाळेतून थेट सरावाला येणाऱ्या मुलीने आधी हात धुऊन काही तरी खाल्लेले असावे आणि घरच्या जेवणात नाचणी, तीळ, दूध, पालेभाज्या, हळीव आणि त्यांच्या जोडीला आवळा, पेरू किंवा लिंबू असावे, असा माझा आग्रह असतो.

आता रेंजच्या जागेविषयी. १० मीटरची सरळ लांबी आणि जाड भिंती मिळतात म्हणून आपल्याकडे जुनी गोदामे, मंगल कार्यालयांच्या गच्च्या आणि तळघरे रेंजसाठी घेतली जातात. वाऱ्याने टार्गेटचा कागद हलू नये म्हणून खिडक्या बंद ठेवतात आणि उकाड्यावर उपाय म्हणून छताचे पंखे फिरवतात. हे पंखे खाली बसलेली भुकटी पुन्हा वर उचलतात आणि साधा स्प्लिट एसी तीच हवा खोलीत फिरवत राहतो. हवा नेमबाजाच्या पाठीकडून यावी, टार्गेटच्या दिशेने संथपणे जावी आणि टार्गेटमागच्या भिंतीतून एक्झॉस्टने बाहेर पडावी, एवढी मांडणी साध्या गवंड्याला आणि वायरमनलाही समजते. जिथे दारूची काडतुसे वापरली जातात अशा बंदिस्त रेंजसाठी अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने नेमबाजाच्या रेषेवर सेकंदाला सुमारे ०.३८ मीटर वेगाचा समान झोत सुचवला आहे, आणि तशी यंत्रणा नसलेल्या खोलीत पॉइंट टू टूचा सराव करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्झॉस्टचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीकडे असता कामा नये.

मात्र ज्यावर मला सर्वांत अधिक बोलायचे आहे ती गोष्ट म्हणजे झाडलोट. बहुतेक रेंजवर सकाळी एक मावशी येतात, केरसुणीने संपूर्ण हॉल झाडतात, टार्गेटच्या पेट्या उपड्या करून त्यातला चुरा पोत्यात भरतात आणि तोंडाला पदर लावून पुढच्या कामावर जातात. नेमबाज तासभर दूर उभा असतो, तर या मावशी रोज प्रत्यक्ष त्या भुकटीत वाकलेल्या असतात. त्यांना ना कोणी हे शिसे आहे असे सांगितलेले असते, ना त्यांच्या रक्ताची तपासणी होते. खेळाडूंच्या आरोग्याबद्दल चिंता व्यक्त करायची आणि ही जोखीम मात्र सर्वांत कमी पगाराच्या माणसावर टाकायची, हे अन्याय्य आहे. कोरडी केरसुणी रेंजमधून पूर्णपणे हद्दपार करावी. फरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी, फडके आणि बादली केवळ त्याच कामासाठी राखून ठेवावी आणि ते पाणी परसात, झाडांना किंवा विहिरीच्या कडेला न ओतता शौचालयात ओतावे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर सूक्ष्म कण मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो, म्हणून अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा नसेल तर तो वापरू नये. पेट्या रिकाम्या करण्याचे काम कळत्या प्रौढाने, हातमोजे आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावून, चुऱ्यावर आधी पाण्याचा फवारा मारून करावे. मुलांना शिक्षा म्हणून किंवा शिस्त म्हणून हे काम देऊ नये. पदर, ओढणी किंवा रुमाल यांनी हे कण अडत नाहीत.

नेमबाजाच्या स्वतःच्या सवयी त्या मानाने सोप्या आहेत. छर्रे ओठांत धरून एकेक भरण्याची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडावी. रेंजच्या आत पाण्याची बाटली उघडू नये, डबा तर मुळीच उघडू नये. सराव संपल्यावर हात आणि चेहरा साबण आणि वाहत्या पाण्याने, नखांच्या कडांपर्यंत चोळून धुवावा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसे मात्र जागच्या जागी राहते, म्हणून बेसिन नसलेल्या रेंजला मी अपुरी रेंज समजतो. रायफलचे जॅकेट, बूट आणि हातमोजा वेगळ्या पिशवीत ठेवून घराबाहेरच्या कपाटात किंवा गॅलरीत ठेवावा, सरावाचे कपडे लहान बाळाच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत आणि घरी आल्यावर आधी आंघोळ करून मगच धाकट्यांना जवळ घ्यावे. पालक वाट पाहत बसतात त्या जागी रांगणारे मूल फरशीवर सोडलेले मी अनेकदा पाहतो. त्या ताईंना किंवा दादांना आदराने पण ठामपणे सांगून बाळाला बाहेर न्यायला लावावे.

घराच्या लांब पडवीत किंवा गच्चीवरच्या खोलीत टार्गेट लावणाऱ्या कुटुंबांनी हेच नियम अधिक कडकपणे पाळायला हवेत, कारण तिथे खेळाची जागा आणि राहण्याची जागा एकच असते. स्वयंपाकघर, देवघर किंवा धान्याची कोठी त्या पट्ट्यात येत असेल तर तिथे टार्गेट लावूच नये.

काडतुसे स्वतः भरण्याचा छंद अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आहे. तिथल्या छंदिष्टांना सर्वाधिक शिसे भेटते ते झाडलेल्या पुंगळ्या साफ करताना, कारण प्रायमरची जळकी राख पुंगळीत असते आणि यंत्रात मक्याच्या कणसाच्या कोरड्या भरड्याबरोबर पुंगळ्या घोळवल्या की ती राख भरड्यात उतरून धुळीच्या रूपाने बाहेर येते. पाण्यात घोळवण्याची पद्धत त्यासाठीच बरी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे हा छंद इथे फारसा नाही. परंतु पाटण आणि जावळीच्या डोंगरपट्ट्यात पिकांच्या रक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी जुनी घरे आहेत, आणि कृष्णेकाठी जाळ्याला लावायच्या वजनांसाठी शिसे वितळवणारेही आहेत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि आच जितकी वाढेल तितकी त्याची न दिसणारी वाफ आणि वर तरंगणाऱ्या राखेची धूळ वाढत जाते. असे काम घराच्या चुलीवर, घरच्या कढईत, मुले आजूबाजूला असताना कधीही करू नये, जुन्या बॅटरीचे शिसे तर हातात घेऊच नये. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होऊन तप्त शिसे अंगावर उडते, हेही ध्यानात ठेवावे.

नियमित सराव करणाऱ्या प्रत्येक मुलाची, प्रशिक्षकाची आणि सफाई करणाऱ्या मावशींची रक्तातील शिशाची तपासणी व्हायला हवी. मिरजेत दवाखान्यांची आणि प्रयोगशाळांची वाण नाही, आणि एखाद्या ठिकाणी सोय नसेल तर नमुना पुण्या-मुंबईकडे पाठवला जातो. नमुना शिरेतूनच द्यावा, कारण बोटाच्या टोकाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचेच शिसे मिसळले तर आकडा खोटा वाढतो. आकडा जास्त आला तर आधी उगम शोधायचा आणि तो बंद करायचा, मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे. शरीर शुद्ध करून देण्याचा दावा करणाऱ्या चूर्णांच्या नादी लागू नये. डॉक्टरांना मात्र सर्व काही सांगावे, मूल सुरमा घालते का, घरात कोणी बॅटरीचे काम करते का, नागभस्म असलेले औषध चालू आहे का, कारण नागभस्म हे शिशाचेच भस्म असते. सांगलीकरांना तर हळदीला पिवळाजर्द रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याची भेसळ ऐकून माहीत आहे, तेव्हा सुट्या हळदीचाही उल्लेख करायला हरकत नाही.

कथिल किंवा जस्ताच्या मिश्रणाचे शिसेविरहित छर्रे मिळतात, पण ते महाग पडतात आणि हलके असल्याने त्यांचा मारा थोडा वेगळा लागतो. नवशिक्या मुलांना पहिल्या वर्षी अचूकतेपेक्षा पवित्रा, श्वास आणि घोड्यावरचे बोट शिकायचे असते, त्यामुळे निदान त्यांच्यासाठी हे छर्रे वापरून पाहावेत असे मी आमच्या रेंजच्या समितीपुढे मांडले आहे.

साठलेल्या चुऱ्याला भंगारात चांगला भाव येतो आणि म्हणून तो पटकन विकून टाकण्याचा मोह होतो. परंतु तो कोणाच्या तरी वस्तीशेजारी उघड्या भट्टीत वितळणार असेल, तर आपण आपल्या मुलांपासून दूर केलेले शिसे दुसऱ्याच्या मुलांच्या श्वासात घातले, एवढेच होईल. आमच्याकडे हा चुरा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कुलपात ठेवला जातो, त्याचे वजन वहीत लिहिले जाते आणि शिशाचे पुनर्चक्रीकरण करण्याची नोंदणी असलेल्या कारखान्यालाच तो द्यायचा असे ठरले आहे. थोड्या मालासाठी असा कारखाना गाडी पाठवायला तयार नसतो, म्हणून साताऱ्याकडच्या रेंजचा साठाही एकत्र करून पाठवता येईल का, याची बोलणी सध्या चालू आहेत.