मिठाच्या बरणीमागे उगवलेली लिली

मागच्या रविवारी ओट्यावरचे डबे बाजूला करून पुसायला घेतलं तर मिठाच्या बरणीमागे एक हिरवट करडा गोळा सापडला, मोठ्या लिंबाएवढा, एका बाजूने चेपलेला, आणि त्यातून बोटभर पांढरा कोंब बाहेर आलेला. आई म्हणाली, "हा कसला बटाटा गं?" मला पण दोन मिनिटं लागली आठवायला. दिवाळीच्या आधी सोसायटीच्या गेटपाशी पडलेली बी मी उचलून आणली होती, कुंडीत लावू म्हणून, आणि नेहमीसारखी विसरले. ना माती, ना पाणी, तरी बाई उगवल्या.

गेटपाशी जी दांडगी लिली आहे ना, पुण्यात अर्ध्या सोसायट्यांमध्ये दिसते ती, तिचीच ही बी. माळीकाका "मोठी लिली" म्हणतात, मराठीत नागदवणा, शास्त्रीय नाव क्रायनम एशियाटिकम, लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ठेवलेलं. पानं चांगली मीटरभर लांब, हाताच्या पंजाएवढी रुंद, आणि बुंधा वाटतो तो बुंधा नसतोच, पानांचे देठ एकात एक गुंडाळलेले असतात, केळीसारखे. खाली कांदा. आणि खरं सांगायचं तर ही लिली पण नाही! हिचं खानदान आपल्या रोजच्या कांदा-लसणाचं.

पण कांद्याची नातेवाईक म्हणून कोणी फोडणीला टाकू नका प्लीज. अख्ख्या झाडात लायकोरिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे एक विषारी रसायन, असतं, कांद्यात तर आहेच, आणि पोटात गेलं की उलट्या सुरू. इंग्रजांच्या काळात डॉक्टर लोक हाच गुण वापरायचे, मुद्दाम ओकारी करवायला हा कांदा द्यायचे, १८६८ च्या फार्माकोपिया ऑफ इंडिया या औषधांच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. घरगुती वापर म्हणजे पान. आमची मावशी अजून पानाला एरंडेल लावून तव्यावर गरम करते आणि गुडघ्याला बांधते, बरं वाटतं म्हणते, आता त्यात पानाचा वाटा किती आणि शेकाचा किती ते तिलाच माहीत. आणि नावात नाग आहे म्हणून लोक सांगतात की याच्या आसपास साप फिरकत नाही. मी स्वतः याच्याच बुडाशी आरामात पसरलेली धामण बघितलीये, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला.

तर बीचं सांगत होते. हे मुळात समुद्रकिनाऱ्याचं झाड, वाळूत, खाऱ्या वाऱ्यात वाढणारं. म्हणून बीची तयारीही तशीच, वरून बुचासारखा थर, पाण्यावर तरंगत कुठेतरी जाऊन लागायचं, आणि आत इतकं पाणी नि खाऊ भरलेला की उगवायला बाहेरून काही मागत नाही. कोंब पण वर जात नाही, आधी खाली वळतो, टोकाला छोटा कांदा धरतो आणि मग त्या कांद्यातून पहिलं पान येतं, तोवर बी त्याला पोसत बसते. आमच्या गेटपाशी समुद्र कुठला, फळांच्या वजनाने दांडा आडवा होतो आणि बिया तिथेच हातभर अंतरावर पडतात, त्यामुळे आईभोवती पिल्लांचा नुसता घोळका झालाय.

या घोळक्यावरूनच गेल्या पावसाळ्यात मीटिंगमध्ये वाजलं होतं. काळ्या, पांढऱ्या नि लाल ठिपक्यांच्या अळ्या आल्या, लिली मॉथ नावाच्या पतंगाच्या, त्यांना ते विष बाधत नाही, आठ दिवसांत पानांची चाळण केली, सगळं पिचपिचीत घाण. एक काका म्हणाले उपटून पाम लावा. मी संध्याकाळी टॉर्च घेऊन अळ्या चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाकत बसायचे, लोक वेडी समजत असणार. महिन्याभरात मधून नवी पानं आली आणि नंतर असा दांडा आला की बास, मोजली, तेवीस फुलं, पांढऱ्या बारीक पाकळ्या मागे वळलेल्या, जांभळट केसर बाहेर. वास अंधार पडल्यावर सुटतो कारण परागीभवनाचं काम रात्री उडणाऱ्या पतंगांकडे असतं. पामवाले काका दुसऱ्या दिवशी फोटो काढत होते, मी काही बोलले नाही.

पुणेकरांना अजून एक गंमत. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटला याच कुळातला क्रायनम वुड्रोई सापडतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि त्याचं नाव ज्यांच्यावरून आहे ते जॉर्ज मार्शल वुड्रो इथे पुण्यातच कॉलेज ऑफ सायन्समध्ये बॉटनी शिकवायचे, गणेशखिंडची बागही बघायचे. मधली शंभरेक वर्षं तो सापडत नव्हता, या शतकात परत दिसला. म्हणजे गेटवरची मोठी लिली कोणी बघत नाही आणि तिची चुलत बहीण डोंगरावर सहज सापडत नाही.

कोंबवाली बी परवा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लावली, अर्धी मातीच्या वर ठेवून, कारण पूर्ण पुरली की सडते. डबा सध्या ओट्याशेजारच्या खिडकीत आहे, तिथे ऊन बरं येतं. आईने त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "कांदा नाही, हात लावू नये".