गाडी घेण्याआधीच हप्ते भरून पाहिले

आमच्याकडे गाडीचा विषय निघाला तो सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. साताऱ्याहून पाटणला एसटीने जायचं म्हणजे त्यांना पायरी चढताना दोघांनी धरावं लागायचं. दोन वेळा तर त्या स्टँडवरूनच परत घरी आल्या. 2018 च्या दिवाळीत घरात ठरलं, की आता चारचाकी घ्यायचीच. किती रुपयांची, यावर मात्र पुढचे दहा महिने गेले.

मी शिक्षिका आणि हे एमआयडीसीतल्या कारखान्यात. तेव्हा दोघांचे मिळून महिन्याला 72 हजार हातात यायचे आणि त्यातले 14,500 घराच्या कर्जाला जायचे. पहिल्यांदा शोरूमला गेलो तेव्हा आमच्या मनात जरा उंच, मोठी गाडी होती, ऑन रोड, म्हणजे कर-विम्यासकट, 9 लाख 80 हजारांची. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, महिन्याला किती जमेल?" मी म्हटलं, बारा-तेरा हजार. त्याने लगेच 8 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी सात वर्षांवर नेलं आणि 12,871 चा हप्ता दाखवला. आकडा आमच्या अंदाजात बसत होता, त्यामुळे हे तर बुकिंगची रक्कम द्यायलाच निघाले होते. मी एक दिवस मागून घेतला.

रात्री घरी हप्त्याला 84 ने गुणलं. 10 लाख 81 हजार आले, म्हणजे नुसतं व्याज 2 लाख 81 हजार. पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता 16,600 वर जात होता. तेवढा आपल्याला झेपेल की नाही, यावर आमची बरीच वादावादी झाली. हे म्हणायचे, एकदा अंगावर पडलं की निभतं. मला ते पटेना. शेवटी मीच सुचवलं, की अहो, सहा महिने आपण हा हप्ता भरूनच बघू या ना.

माझं एक जुनं बचत खातं वापराविना पडलं होतं. जानेवारी 2019 पासून दर 5 तारखेला त्यात 20,500 रुपये टाकायचे ठरलं. 16,600 हप्त्याचे, आणि 3,900 पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी. हा दुसरा भाग लोक बहुधा धरतच नाहीत. गाडी दारात उभी राहिली तरी विमा भरावाच लागतो आणि टायर-बॅटरीचं आयुष्य संपतच असतं.

पहिले तीन महिने नीट गेले. एप्रिलमध्ये नात्यातलं लग्न आलं आणि खात्यातून 8 हजार काढावे लागले. जूनमध्ये मुलांच्या फिया, पुस्तकं, गणवेश, रेनकोट. पुन्हा 11 हजार काढले. खऱ्या कर्जात हे जमलं नसतं. 5 तारखेला खात्यात पैसे नसते तर हप्ता परत जाऊन वर दंड बसला असता. त्या जूनमध्ये ह्यांनी स्वतःहून मोठ्या गाडीचं नाव सोडलं. मला समजावून सांगावं लागलं नाही, याचं मला अजूनही बरं वाटतं.

जुलैपासून आकडा 13 हजारांवर आणला. तीन महिने एकदाही खात्याला हात लावावा लागला नाही, आणि आमच्या गाडीची किंमत तिथेच ठरली. 9,300 च्या आसपास हप्ता, पाच वर्षं, म्हणजे कर्ज साडेचार लाख. उरलेली रक्कम आपल्याजवळची.

त्यात बसणारी लहान पेट्रोल गाडी निवडली. एक्स शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधी, 5 लाख 68 हजार, त्यावर 11 टक्क्यांनी रोड टॅक्स 62,480. कोटेशन मात्र 6 लाख 91 हजारांचं आलं. ओळ न् ओळ वाचली. ॲक्सेसरीजचे 18 हजार नको म्हटले, 'हँडलिंग'चे 4 हजार कशाचे ते विचारल्यावर त्यांनी काढून टाकले. विमा जड दिसत होता, कारण सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) एकदमच घ्यावा लागतो. पण तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून तेवढ्याच संरक्षणाचा विमा 7 हजारांनी स्वस्त मिळाला. गाडी 6 लाख 62 हजारांना पडली. सरावाच्या खात्यात जमलेले 1 लाख 43 हजार आणि एक एफडी मोडून 69 हजार, असं डाउन पेमेंट झालं. 8 ऑक्टोबरला दसऱ्याच्या दिवशी गाडी दारात आली. सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवला आणि पुढच्या सीटवर बसून पाटणला गेल्या.

पाच हप्ते गेले आणि लॉकडाऊन लागला. ह्यांचा पगार चार महिने एक तृतीयांश कमी आला. रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबवायची मुभा दिली, आधी मे अखेरपर्यंत, नंतर ऑगस्ट अखेरपर्यंत. ओळखीच्या बऱ्याच जणांनी ती घेतली आणि ज्यांचं उत्पन्नच थांबलं होतं त्यांना दुसरा मार्गही नव्हता. मी हिशोब केला. आमचं 4 लाख 20 हजार मुद्दल उरलं होतं, सहा महिने हप्ता थांबवला तर सुमारे 19 हजार व्याज त्यात मिसळणार होतं. पेट्रोलचा खर्च तसाही बंद होता, ते पैसे हप्त्याकडे वळवले आणि एकही हप्ता चुकवला नाही. मोठी गाडी घेतली असती तर हे शक्य नव्हतं.

डिसेंबर 2022 मध्ये विम्याच्या पॉलिसीचे दोन लाख आले. वाटलं, कर्ज मिटवून मोकळं व्हावं. बाकी होती 1,88,800 आणि 22 हप्त्यांत पुढे फक्त 16,700 व्याज जाणार होतं. आमचं कर्ज स्थिर दराचं असल्याने मुदतीआधी फेडायला 3 टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 6,700 लागत होते. वाचत होते दहा हजार, आणि एफडीचं व्याज त्याहून कमी येत नव्हतं. कर्जाचं बहुतेक व्याज सुरुवातीच्या वर्षांतच वसूल होतं, हे मला तेव्हा नीट कळलं. हाच पैसा पहिल्या वर्षी असता तर गोष्ट वेगळी होती. एफडी केली आणि हप्ते चालू ठेवले.

ऑक्टोबर 2024 मध्ये शेवटचा हप्ता गेला. काम तेवढ्याने संपत नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचं नाव असतं, तो बोजा आपणच उतरवायचा असतो. बँकेकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म 35 दोन प्रतींत घ्यायचा, परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज करून फी भरायची. आमची एनओसी तीन फेऱ्यांनंतर हाती आली. पहिल्या प्रतीत चासी नंबरचा एक आकडा चुकला होता, तो मी काउंटरवरच आरसीशी ताडून पाहिला म्हणून सापडला. नवीन आरसी आल्यावर विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढून घेतलं.

सरावाचं ते जुनं खातं मी बंद केलेलं नाही. दर 5 तारखेला त्यात 9,300 जातात. गाडी अजून चांगली आहे, तिला आणखी सहा-सात वर्षं वापरायची आहे.