तुम्ही विचारलंत म्हणून: तीन माणसांच्या स्टुडिओला करारपत्र कशाला?

कोल्हापुरात आमचा छोटा डिझाइन स्टुडिओ आहे. लोगो, लेबलं, पाउच, कॅटलॉग अशी कामं. नवीन ग्राहक येतो, चहा होतो, काम ठरतं आणि मी कागद पुढे सरकवला की हमखास विचारतात, "एवढ्याशा कामाला करारपत्र कशाला मॅडम? आमच्यावर विश्वास नाही का?"

विश्वास आहे, म्हणून तर काम घेतेय. ज्याच्यावर नसतो त्याला "सध्या हातात बरंच काम आहे" असं सांगून मोकळी होते. कागद लागतो तो काम संपलं कधी हे ठरवायला. पैशावरून झालेलं भांडण जरा उकरलं की खाली "अजून एकच करेक्शन" सापडतं. त्यामुळे प्रस्तावात रकमेच्या आधी किती नमुने दाखवणार, किती वेळा बदल करून देणार आणि मजकूर कोणी तपासायचा, हे येतं. दोनदा बदल रकमेतच, तिसऱ्यापासून तासावर.

मजकुराचं एवढं काय, असं वाटेल. मसाल्याचा पाउच घ्या. पाउच ज्या ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात, त्या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. तो कोरून झाल्यावर एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न परवान्याच्या, १४ आकडी नंबरातला एक आकडा चुकलाय असं कळलं, तर फाइल दोन मिनिटांत सुधारते, सिलिंडर मात्र नव्याने करावा लागतो. तो खर्च कोणाच्या माथी? म्हणून प्रूफच्या, म्हणजे छपाईआधी तपासायच्या, कागदावर नंबर, निव्वळ वजन, घटक, पत्ता, हिरवा ठिपका अशा एकेका गोष्टीपुढे ग्राहकाची टिक आणि खाली तारखेसह सही घेते. व्हॉट्सअपवरचा अंगठा चालत नाही. तो नेमका कुठल्या फाइलला दाखवला होता, हे महिन्याभराने दोघांनाही आठवत नाही.

आता ग्राहकाच्या बाजूचं बोलते. तोंडी करारालाही कायद्यात जागा आहे, पण कॉपीराइट तोंडी हस्तांतरित होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हस्तांतरण लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उद्या तुमचं लोणचं दुबईला निघालं की मग? आमच्या करारात "पूर्ण रक्कम मिळाल्यावर, कायमस्वरूपी, जगभरासाठी" असं एक वाक्य असतं. न निवडलेले नमुने आमच्याकडेच राहतात. हे समजावून सांगितलं की मघाशी नाक मुरडणारेच जास्तीची प्रत मागतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. निम्मी रक्कम आगाऊ, तोवर "नुसता एक नमुना करून दाखवा" याला नम्र नकार. आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कर बिलाआधीचा रकमेचा कागद, पाठवायचा. कर बिल एकदा फाडलं की ग्राहकाने पैसे दिले नसले तरी पुढच्या महिन्यात जीएसटी आपल्याच खिशातून जातो. कंपन्यांच्या बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) ठळक छापते. २००६च्या एमएसएमईडी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या, कायद्याने पैसे देण्याची लेखी मुदत ठरली असली तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते व्याज मी कधी मागितलेलं नाही, मागितलं तर ग्राहक तुटेल हे उघड आहे. पण आयकरात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून आमच्यासारख्यांचं थकलेलं बिल कंपन्यांना त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांच्या अकाउंटंटचाच फोन येतो.

कामांचा हिशेब ठेवायला महागडं सॉफ्टवेअर घेतलेलं नाही. एक गूगल शीट, प्रत्येक कामाला नंबर आणि तोच नंबर प्रस्ताव, फाइल, प्रूफ, बिल सगळ्यांवर. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल.

राहिले नातेवाईक. मामांच्या दुकानाची पाटी करून दिली तेव्हा पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, तरी कोटेशन पाठवलं: रक्कम शून्य, बदल दोन. मामा हसले, मामीने ते फ्रिजवर चिकटवलं. दोन्ही बदल संपले आणि मामांचा पुन्हा फोन आला, "काय गं, आता तासाला किती घेणार?"