आमची वाटचाल : मालवणपासून तोमिनीच्या आखातापर्यंत

स्कूबा डायव्हिंग शिकवण्याच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात पुण्यातल्या एका जलतरण तलावात झाली. आठवडाभर तलावात सराव घ्यायचा आणि शनिवार-रविवारी विद्यार्थ्यांना घेऊन मालवण गाठायचे, असा क्रम होता. पर्यटकाचा हात धरून त्याला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाण्याखाली फिरवून आणणे हा तिथला मुख्य धंदा, आणि तो तेजीतही होता. आम्ही मात्र स्वतःच्या बळावर बुडी मारू शकतील असे डायव्हर घडवण्याकडे वळलो, कारण हात धरून नेलेला पाहुणा बहुधा एकदाच येतो, तर शिकलेला माणूस दरवर्षी नवे पाणी मागतो. मालवणमागून कर्नाटकातले नेत्राणी आणि मग अंदमान अशी आमची मजल वाढत गेली. घोडे अडत होते ते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर कोकणचा समुद्र खवळलेला असतो, पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही, आणि गाळ्याचे भाडे व प्रशिक्षकांचे पगार मात्र थांबत नाहीत.

या चार महिन्यांसाठी शांत आणि उबदार पाणी शोधताना आम्ही इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या तोमिनी आखातापाशी पोहोचलो. सुलावेसीचा उत्तरेकडचा लांब हात आणि पूर्वेकडचा हात यांच्यामध्ये हे आखात पसरले असून त्याचे तोंड पूर्वेला मोलुक्का समुद्राकडे उघडते. विषुववृत्त त्यातून जाते, त्यामुळे चक्रीवादळांची धास्ती नाही. पाऊस पडतो, पण आपल्यासारखा चार महिने ठाण मांडून बसत नाही. पाण्याचे तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास असल्याने तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. आखाताच्या मधोमध तोगियान बेटे आहेत. त्यांना २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि किनाऱ्याला लागून असलेले, किनाऱ्यापासून सुटे व कंकणाकृती असे तिन्ही प्रकारचे प्रवाळखडक तिथे एकाच परिसरात पाहायला मिळतात.

जागा सापडली म्हणजे सहल ठरली असे नव्हे. मुंबईहून जकार्ता, तिथून मकास्सरमार्गे गोरोंतालो, आणि गोरोंतालोहून रात्रभराच्या फेरीबोटीने तोगियानमधले वाकाई बंदर, असा हा प्रवास आहे. फेरी रोज सुटत नाही आणि हवामान बिघडले तर ठरल्या दिवशीही सुटत नाही. म्हणून या सहलीचे वेळापत्रक आम्ही शेवटाकडून मागे मांडत येतो. परतीचे विमान आधी ठरते, त्यानुसार फेरीचा वार ठरतो, आणि त्यावरून शेवटची बुडी कोणत्या दिवशी मारायची ते निघते. लागोपाठ काही दिवस बुड्या मारल्यावर शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला अवधी लागतो; विमानात चढण्यापूर्वी किमान १८ तास कोरडे राहावे असा सर्वमान्य संकेत आहे आणि आम्ही पूर्ण एक दिवस ठेवतो. ‘फेरीचा वेळ त्यातच धरा की’ असा हिशेब काही ग्राहक मांडून दाखवतात. कागदावर तो जमतोही, पण फेरीवर विसंबून विमान गाठणे हा जुगार आहे आणि दुसऱ्याच्या तब्येतीवर आम्ही तो खेळत नाही.

हा राखीव दिवस गोरोंतालोत जातो. शहराजवळच्या बोतुबारानी गावापाशी व्हेल शार्क किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात आणि नुसता मुखवटा लावून पृष्ठभागावरून ते पाहता येतात. तेथील नावाडी कोळंबीची डोकी टाकून त्यांना जवळ बोलावतात. ही पद्धत मला स्वतःला पटत नाही, त्यामुळे तो कार्यक्रम आम्ही सहलीत धरत नाही. ज्याला जायचे असेल त्याने आपल्या खर्चाने जावे.

बेटांवरचा मुक्काम निवडताना खोलीच्या खिडकीतून काय दिसते यापेक्षा कंप्रेसरकडे आमचे लक्ष जास्त असते. वीज बहुतेक ठिकाणी जनरेटरवर, तीही ठरावीक तास, आणि सिलिंडर भरणारा कंप्रेसरही बऱ्याचदा इंजिनावर चालतो. हवा आत ओढणारी नळी धुराड्यापासून किती दूर आहे आणि वारा फिरला तर धूर तिच्याकडे जातो का, हे दाखवणारे छायाचित्र आणि आपत्कालीन ऑक्सिजन सिलिंडरच्या दाबमापकाचे ताजे छायाचित्र आल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम पाठवत नाही. पोहोचल्यावर आमचा प्रशिक्षक प्रत्येक सिलिंडरची झडप थोडी उघडून हवा हुंगून पाहतो. तेलकट किंवा करपट वास आला की तो सिलिंडर बाजूला. झडपेतली ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, चिरलेली निघाली तर बदलायला नव्या रिंगांची पुडी त्याच्या खिशात असतेच, कारण ही चार पैशांची वस्तू तिथे कुठल्याही दुकानात मिळत नाही.

कोणाला न्यायचे हे ठरवणे सर्वांत अवघड जाते. कादिदिरी बेटाच्या बाजूला दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे बी-२४ बॉम्बफेकी विमान साधारण २२ मीटर खोलीवर बसलेले आहे आणि ते पाहायचेच म्हणून लोक नाव नोंदवतात. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राची मर्यादा मात्र १८ मीटरची. त्यामुळे त्यापुढचा ॲडव्हान्स्डचा अभ्यासक्रम इथेच पूर्ण करून निघावे, अशी अट आम्ही घातली. आखातातल्याच उना-उना बेटाचेही तसेच. जुलै १९८३ मध्ये तिथल्या कोलो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. रहिवाशांना त्याआधीच हलवल्यामुळे हजारो जीव वाचले, पण बेट होरपळून निघाले. आज त्याच्या भोवतालचे प्रवाळ आणि बाराकुडांचे थवे पाहून यावर विश्वास बसत नाही. मात्र तिथे उताराच्या कडेने प्रवाह जोरात वाहतो, आणि उत्प्लावकता, म्हणजे पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहण्याचे कसब, हातात नसलेला माणूस स्वतःलाही सांभाळू शकत नाही आणि प्रवाळालाही. वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि डायव्हिंगचा विमा नसेल तर जागा मिळत नाही. शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन डायव्हर आजारी पडला तर त्याला दाबाच्या बंद कक्षात ठेवून बरे करतात, पण या दाब-उपचाराची सोय आखातात नाही. त्यासाठी मानाडोसारखे मोठे शहर गाठावे लागते, आणि ही गोष्ट आम्ही पैसे घेण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगतो. ती ऐकून काही जण मागे फिरतात. त्यांचा आम्हाला राग येत नाही.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने किरकोळ आहेत. बेटांवर एटीएम नाही, म्हणून रुपिया, म्हणजे तिथले चलन, गोरोंतालोतच काढून घ्यावे लागतात. जेवणात भात आणि मासे. शाकाहाऱ्यांना टोफू आणि आंबवलेल्या सोयाबीनचे तेंपे मिळते, तरीही मेतकूट आणि लसणाची चटणी न घेता निघालेला पुणेकर मला अजून भेटलेला नाही.

हिशेबाच्या बाजूने सांगायचे तर ही सहल स्वस्त नाही आणि आम्ही ती स्वस्त करायलाही गेलो नाही. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलींच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे ग्राहकाकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा कर, गोळा करावा लागतो. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, हे प्रत्येक ग्राहकाला समजावून सांगण्यात आमच्या कार्यालयाचा बराच वेळ जातो. गट आठ जणांपेक्षा मोठा करत नाही, म्हणून नफा मर्यादित राहतो. पण पावसाळ्यातले पगार त्यातून सुटतात, आणि तोमिनीला जायचे म्हणून ॲडव्हान्स्डला बसणाऱ्यांमुळे उन्हाळ्यातले वर्गही भरतात. आता जाताना गोरोंतालो आणि येताना दक्षिण किनाऱ्यावरचे आम्पाना, असा मार्ग आम्ही तपासून पाहत आहोत. तिकडून वाकाईची फेरी काही तासांचीच आहे, मात्र आम्पानाहून पुढे विमानतळापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. आमचा प्रशिक्षक त्या रस्त्याने स्वतः जाऊन आल्यावरच तो मार्ग माहितीपत्रकात छापला जाईल.