बाहेरची कडी

देवगड तालुक्यातल्या त्या घराविषयी तक्रार आली तेव्हा मे संपत आला होता. नोंदणी नसताना चार बौद्धिक दिव्यांग माणसं ठेवलीत, एवढंच चिठ्ठीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संस्था’ची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की राहायला ठेवून सांभाळ करणारं चिरेबंदी घरही तीत बसतं, आणि नोंदणीवाचून संस्था चालवता येत नाही. म्हणून आम्ही दोघे तपासणीचा फॉर्म घेऊन गेलो.

खळ्यात आमसुलं वाळत घातलेली. चाळिशीचा एक जण एकेक साल उलटत होता, हात कोपरापर्यंत लाल. सहकाऱ्याने विचारलं, “याला मजुरी देता?” प्रश्न रास्तच होता, पण या चौघांना सांभाळणाऱ्या घरमालकीण काकी दुखावल्या. “घरच्या माणसाक मजुरी?” तेवढ्यात तोच आमच्यावर खेकसला, “सावली पडता हा, बाजूक व्हा!”

फॉर्मात खाटांचा रकाना होता. तिघे माजघरात चटईवर झोपतात, चौथा आतल्या खोलीत, म्हणून शून्य लिहिलं. वाचणाऱ्याला वाटणार, हाल चाललेत. फिटच्या गोळ्यांच्या खुणा मात्र कॅलेंडरवर रोजच्या रोज होत्या. पेन्शनची पासबुकं काकींच्या कपाटात. कायद्याने त्या कुणाच्याच पालक नव्हत्या. अठरा पूर्ण झाल्यावर आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सरबत पिऊन झालं. खरं सांगायचं तर मनातून मी त्यांना पास करून टाकलं होतं. निघताना आतल्या खोलीच्या दाराकडे लक्ष गेलं. कडी बाहेरून होती. घरातल्या बाकीच्या कड्या खाऱ्या हवेने गंजलेल्या, ही वापरून चकचकीत.

“रातचो उठान समुद्रार जाता तो. एकदा गेललो. आमका कळतला कसा?”

भीती खोटी नव्हती, दर्या शंभर पावलांवर. पण आतल्या माणसाला फिट येते, आणि आग लागली तर? कडी कुठल्या बाजूला, हे फॉर्म विचारतच नाही. मी शेऱ्यात लिहिलं, आणि पेचकस मागवून तिथेच कडी काढायला लावली. काकी गोठ्यात गेल्या, बैलाच्या गळ्यातली घंटा आणून दाराला बांधली.

जूनमध्ये नोंदणीचे कागद घ्यायला पुन्हा गेलो. घंटेचं विचारलं.

“दोनदा वाजली,” काकी खालच्या आवाजात म्हणाल्या. “दोनय येळा मुतूक उठललो.”