आमचे पिंजरे मुल्हेरला गेले त्याची गोष्ट

व्हिडिओ होता समुद्रातल्या मत्स्यशेतीचा. पाणी किती खोल, लाटा किती उंच, प्रवाहाचा जोर किती, जहाजांची वाट कुठून, समुद्री गवत कुठे, असे थर नकाशावर एकावर एक ठेवायचे आणि जी जागा उरेल तिथे माशांचे पिंजरे. मी तो पाहिला गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आमच्या घराच्या गच्चीवर, कारण खाली रेंज नाही. इथून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत पावणेआठशे किलोमीटर. विशाखापट्टणमचा त्याहून बराच जवळ, हेही मला पुढे नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये अंतर मोजताना कळलं.

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. तलाव पाटबंधाऱ्याच्या मध्यम प्रकल्पाचा, मासेमारीचा ठेका आमच्या संस्थेकडे. तलावाचं नाव लिहीत नाही, जागेवरून भांडणं आधीच पुरेशी झालीत. बचतगटातल्या बायकांच्या मनात पिंजऱ्यात पंगास मासे पाळायचं होतं. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत जलाशयातल्या एका पिंजऱ्याचा खर्च ३ लाख धरतात आणि महिलांना त्यातलं ६० टक्के अनुदान मिळतं. अर्जाला नकाशा लागतो. गटात लॅपटॉप माझ्याकडे, म्हणून नकाशा माझ्या गळ्यात पडला.

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं, कण्हत कण्हत. पहिली अडचण खोलीची. समुद्रवाल्यांना जेब्को नावाचा सगळ्या जगाच्या समुद्रतळाचा तयार नकाशा मिळतो. त्याचा एक चौकोन साधारण साडेचारशे मीटरचा, आणि जमिनीवर तो तळ नाही, उंची दाखवतो. मग एसआरटीएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा नकाशा, उतरवलं, ३० मीटरचा चौकोन. आमचा तलाव त्यात ताटासारखा सपाट! मी दोन दिवस समजत होते की माझंच काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. ती उंची फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवसांत रडारने मोजलेली. तलाव तेव्हाही भरलेला होता, आणि ते रडार पाण्याखालचं बघत नाही. आम्हाला हवं होतं ते नेमकं झाकलेलं.

यावर तोड सापडली ती पाण्याच्या काठाची. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, चौकोन १० मीटरचा, दर पाच दिवसांनी नवं चित्र. हिरव्या पट्ट्यातून जवळच्या अवरक्ताचा पट्टा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. शून्याच्या वर आलं की पाणी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर महिन्याला एकेक काठ काढला. भिंतीजवळच्या पट्टीवर त्या त्या दिवशी किती पाणी होतं ते पाटबंधाऱ्याच्या चौकीदाराच्या वहीतून उतरवून घेतलं. म्हणजे प्रत्येक काठ ही एका उंचीची रेघ झाली, आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा सगळा उतार एकदाही पाण्यात न उतरता नकाशावर आला. मला या कामातलं सगळ्यात जास्त आवडलं ते हे.

त्यातही फसले. सुरुवात सप्टेंबरच्या चित्रापासून केली होती, ढग नसलेलं एकच मिळालं होतं म्हणून. त्यात तलाव गावाच्या दुप्पट लांब पसरलेला. त्या धानाच्या बांध्या होत्या, पाण्याने भरलेल्या. उपग्रहाला बांधीतलं पाणी आणि तलावातलं पाणी सारखंच. उलट तलावाच्या शेपटाकडे, जिथे बेशरमाची झुडपं माजलीत, तिथे ढोपरभर पाणी असून कोरडी जमीन दाखवली. शेवटी बांध्या हाताने पुसल्या आणि शेपटाकडचा काठ पायी फिरून काढला.

पण काठांच्या रेघा मेच्या काठाशी थांबतात. त्याच्या आतलं पाणी कधी आटत नाही, आणि पिंजरे तर तिथेच टाकायचे. आमच्या मनातला पिंजरा ६ मीटर लांब, ४ रुंद, ४ खोल. जाळीच्या बुडाखाली आणखी निदान तीन मीटर पाणी हवं असा आम्ही हिशोब धरला, नाहीतर उरलेलं खाद्य आणि विष्ठा तिथेच साचून सडते, पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि पहाटे मासे तोंड वर काढतात. म्हणजे भर उन्हाळ्यात सात मीटर. ते मोजायला दोर आणि दगड.

मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, डोंगा घेऊन आले. नायलॉनचा दोर, मीटरमीटरवर गाठ, दर पाचव्या गाठीला लाल चिंधी, टोकाला पाट्याचा तुटका तुकडा. मोबाइलमध्ये क्यूफिल्ड, म्हणजे क्यूजीआयएसचंच धाकटं भावंड. दगड तळाला टेकला की मी बोट दाबून बिंदू घ्यायचा आणि खोली टाकायची. मोठेबाबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "का वो बाई, हे मोबाईल पानी मोजते का?" मी म्हटलं, "नाही, तुमी मोजता. हे जागा लिहिते." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दोराच्या गाठी पुन्हा स्वतः मोजून आणल्या. एक गाठ मी चुकीची मारली होती.

सहा सकाळी, २१४ बिंदू. सकाळीच, कारण नऊनंतर वारा सुटतो, डोंगा सरकतो, दोर तिरपा होतो आणि खोली खोटी वाढते. पहिल्या दिवशीचे शेवटचे वीसेक बिंदू त्यापायी फेकून दिले.

तलावाला आत नावं आहेत हे मला तेव्हा कळलं. मी याच काठावर वाढले, तरी माझ्यासाठी ते नुसतं पाणी. मोठेबाबांना मात्र जुनी पांदण, बुडालेली आमराई, नदीचा डोह, सगळं पाण्यावरून दिसतं. मी प्रत्येक नाव बिंदूला जोडून लिहून घेतलं. डोहावर त्यांचा फार भरवसा. "तेथी चाळीस हात पानी हाये, बाई. पिंजरे तेथीच टाक." दगड सोडला. लाल चिंधी बुडाली, पुढची एक गाठ गेली आणि दोर ढिला पडला. साडेसहा मीटर. म्हणाले, दोर वाकडा गेला. डोंगा वळवून स्वतः सोडला. साडेसहाच. वर ओढलेल्या दगडाला काळा, लोण्यासारखा गाळ लागलेला. त्यांनी तो बोटाने पुसला, वास घेतला आणि वल्हं उचललं. डोह बुजलाय, हे त्या दिवशी आमच्या दोघांपैकी कोणीच तोंडाने म्हटलं नाही.

मग माझी करामत. मोबाइलमधले बिंदू मीटरच्या आकड्यांत काढून लॅपटॉपवर उतरवले, पिंजऱ्यांचे चौकोन आखले, लेअरवर झूम केलं, तर खाली डोंगर. पाणी नाही, तलाव नाही. नावं वाचली: साल्हेर, मुल्हेर. आमचे पिंजरे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, किल्ल्याच्या पायथ्याशी! कारण साधं. यूटीएम पद्धतीत पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या फाका असतात आणि प्रत्येक फाकेत आकडे नव्याने तेच येतात. ७८ रेखांशाला फाक बदलते. अकोला-अमरावती ४३ मध्ये, नागपूरपासून आम्ही ४४ मध्ये. माझी फाइल ज्या नमुन्यावरून केली होती तो पश्चिम महाराष्ट्रातला, ४३ चा. आकडे ४४ चे आणि पाटी ४३ ची लावली की सगळं बरोबर सहा अंश पश्चिमेला जातं. ईपीएसजी ३२६४४ हा ४४ च्या फाकेचा क्रमांक तेव्हापासून माझ्या आधार नंबरपेक्षा पाठ आहे. विदर्भातल्या कोणी हे काम काढलं तर आधी आपला जिल्हा कोणत्या फाकेत आहे ते पाहा. यवतमाळ शहर जेमतेम ४४ मध्ये बसतं.

बिंदूंवरून तळ तयार करायला आधी आयडीडब्ल्यू वापरलं, म्हणजे जवळच्या बिंदूला जास्त वजन देणारी पद्धत. त्याने प्रत्येक बिंदूभोवती गोल गोल डबकी काढली, तळाला देवी आल्यासारखी. त्रिकोण जोडणारं टीआयएन बरं निघालं.

पुढे वगळायच्या जागा. कालव्याच्या गेटाजवळची, नळयोजनेच्या विहिरीजवळची, विसर्जनाच्या घाटाची, जनावरं पाण्यावर येतात ती. या एका बैठकीत ठरल्या, त्यात वाद नाही. वाद झाला उरलेल्या जागांना गुण देताना. काठापासूनचं अंतर कमी असावं म्हणजे खाद्य न्यायला सोपं, असं बायका म्हणत होत्या. अंतर जास्त असावं म्हणजे चोरी होणार नाही, असं संस्थेतले पुरुष. मी दोन्ही आकडे घालून दोन नकाशे काढले. गंमत म्हणजे पहिल्या तीन जागा दोन्हीकडे त्याच राहिल्या, कारण खोलीच्या अटीने बाकीचं सगळं आधीच कापून टाकलं होतं. दोन तास भांडलो ते फुकट.

पहिल्या नंबरची जागा मोठेबाबांनी नकाशावर बोट ठेवून बाद केली. "येथी आमराईचे खुंट हायेत. जाळं फाटते." पाण्याखाली उभे खुंट, नांगराचा दोर अडकणार, पिंजऱ्याची जाळी फाटणार. माझ्या २१४ बिंदूंत एकही खुंट नव्हता. दगड बाजूने निघून गेला असेल. दुसरी जागा घेतली.

नकाशा तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात छापला. रंगीत पान महाग, म्हणून काळापांढरा. निळं, हिरवं, लाल, सगळं एकाच राखाडी रंगात. कार्यालयाने तो परत केला, वर अंश-मिनिट-सेकंदही हवेत म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं, मलाही त्यावरून काही सांगता आलं नसतं. घरी येऊन रंग काढले, वगळलेल्या जागांना तिरप्या रेघा, पिंजऱ्यांना जाड चौकट, चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश खाली तक्त्यात. तो स्वीकारला.

मंजुरी अजून नाही. तोवर चार कोपऱ्यांवर दगडाला बांधून पाच लिटरचे पांढरे कॅन सोडून ठेवलेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पट्टी वर्षातल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर असताना मोठेबाबा आणि मी पुन्हा गेलो. पहिल्या कॅनशी साडेसात मीटर, दुसऱ्याशी सात पूर्णांक आठ, तिसऱ्याशी साडेसात. चौथा कॅन कोणीतरी काढून नेला होता. मोबाइलमध्ये बघून त्या जागी डोंगा थांबवला, दोर सोडला आणि मोठेबाबांनी गाठी मोजल्या.

"सात," ते म्हणाले. "कॅन मी देतो, घरी हाये एक."