रिक्टरची पुस्तके आणि एक पत्र

कॉनराड रिक्टर हा अमेरिकन कादंबरीकार मला प्रथम मराठीत भेटला आणि तोही जी. ए. कुलकर्णींचा हात धरून. साताऱ्याला शाळेत असताना मी वाचनालयात जी. एं.च्या कथा मागायला गेलो होतो. कथासंग्रह कोणीतरी आधीच नेलेला होता, म्हणून तिथल्या काकांनी त्यांच्याच नावाचे दुसरे पुस्तक माझ्यापुढे ठेवले. ते होते ‘रान’. मूळ लेखकाच्या नावाकडे मी तेव्हा लक्षही दिले नाही. मात्र एक कुटुंब शिकार संपलेला मुलूख सोडून पश्चिमेकडे चालत निघते, एका उंचवट्यावर येऊन थांबते आणि खाली नजर पोहोचेल तिथवर झाडांच्या शेंड्यांचा काळपट समुद्र पसरलेला पाहते, तो प्रसंग माझ्या मनात घर करून राहिला.

पुढे नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आलो. एका शनिवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘द ट्रीज’ नावाची कादंबरी सहज हातात घेतली, उभ्याउभ्या पाच-सहा पाने वाचली आणि तेच कुटुंब, तोच उंचवटा, तोच झाडांचा समुद्र समोर आला. पुस्तक १९४० सालचे होते आणि त्याची किंमत एका साध्या जेवणापेक्षा जास्त नव्हती. ते मी घरी आणले, आणि गेली सोळा वर्षे मी रिक्टरच्या पहिल्या आवृत्त्या जमवतो आहे.

रिक्टरचा जन्म १८९० साली पेनसिल्व्हेनियातल्या पाइन ग्रोव्ह या लहानशा गावात झाला. वडील दुकानदारी सोडून ल्यूथरन पंथाचे धर्मोपदेशक झाले. पत्नी हार्व्हीना हिला क्षयाची बाधा झाल्यावर १९२८ साली सारे आवरून हे कुटुंब कोरड्या हवेसाठी न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला गेले. पाठोपाठ १९२९ ची मंदी आली, आणि घर चालवण्यासाठी रिक्टरला स्वस्त मासिकांतून कथा लिहाव्या लागल्या. त्याच काळात त्याने जुन्या वसाहतकारांच्या आठवणी, त्यांची बोली, त्यांचे वाक्प्रचार टिपून वह्या भरल्या, आणि त्या वह्यांतून ‘द ट्रीज’ (१९४०), ‘द फील्ड्स’ (१९४६) आणि ‘द टाउन’ (१९५०) या ओहायोच्या तीन कादंबऱ्या उभ्या राहिल्या. शेवटच्या कादंबरीला १९५१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, तर ‘द वॉटर्स ऑफ क्रोनॉस’ला १९६१ चे नॅशनल बुक ॲवॉर्ड. एवढे होऊनही आज इथल्या बहुतेक वाचकांना हे नाव सांगावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मराठी वाचकाचे नशीब मात्र चांगले, कारण जी. एं.नी या तिन्ही कादंबऱ्या आणि त्याखेरीज ‘रानातील प्रकाश’ व ‘स्वातंत्र्य आले घरी’ ही पुस्तके मराठीत आणली. नुसती शीर्षके पाहिली तरी अनुवादकाची नजर कळते. ‘ट्रीज’ची ‘झाडे’ झाली नाहीत, त्यांचे ‘रान’ झाले. कारण त्या कुटुंबातल्या सेवर्ड लकेट या मुलीच्या आयुष्यात एकेक झाड महत्त्वाचे नाही, ज्याच्या आत ऊनसुद्धा उतरत नाही असे सगळे मिळून एक असलेले ते जंगल महत्त्वाचे आहे. ‘फील्ड्स’साठी ‘शेते’ हा शब्द अगदी तयार होता, पण तो नाकारून त्यांनी ‘शिवार’ घेतले. शेत एकाचे असते, शिवार साऱ्या गावाचे असते; आणि दुसऱ्या कादंबरीत नेमके हेच घडते, की एकेका कुटुंबाने झाडे तोडून काढलेल्या मोकळ्या जागा हळूहळू एकमेकींना जाऊन मिळतात. ‘टाउन’चे त्यांनी ‘शहर’ केले असते, तर त्या वस्तीशी सेवर्डचे असलेले आईपण निघून गेले असते. ज्या झाडांशी ती जन्मभर वैर धरून लढली, त्याच झाडांसाठी म्हातारपणी तिचा जीव हळहळतो. ती हळहळ ‘गाव’ या शब्दातच शोभते.

आता पहिल्या आवृत्तीविषयी. रिक्टरची महत्त्वाची पुस्तके आल्फ्रेड क्नॉफ या प्रकाशकाने काढली. क्नॉफची त्या काळातली पुस्तके हातात धरायलाही सुखाची असतात. पुष्कळदा पानांची बाहेरची कड न कापता खरबरीत ठेवलेली असते आणि अखेरीस पुस्तक कोणत्या टाइपात जुळवले आहे याची छोटी टीप असते. शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूला ‘फर्स्ट एडिशन’ असे छापलेले असते, आणि पुनर्मुद्रण झाले की त्या जागी दुसऱ्या, तिसऱ्या छपाईची नोंद येते. आपल्याकडे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. इथला संग्राहक ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो तेव्हा त्याला पहिल्या आवृत्तीची पहिली छपाईच अभिप्रेत असते.

एवढ्या ज्ञानावर विसंबून मी सुरुवातीलाच फसलो. एका विक्रेत्याने टपालाने पाठवलेली प्रत वरून अगदी निर्दोष होती, आत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्दही होते, आणि किंमत छापलेला कोपरा कापलेला असला तरी पुस्तकावरचे कागदी वेष्टन शाबूत होते. भेट द्यायच्या पुस्तकावरची किंमत कापण्याची पद्धत जुनी असल्याने मला संशय आला नाही. सहा महिन्यांनी पुस्तक खिडकीपाशी तिरपे धरले तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर खाली, कण्याजवळच्या कोपऱ्यात, कापडात दाबलेला हरभऱ्याच्या डाळीएवढा एक गोल खळगा दिसला. त्याला ना रंग, ना शाई. बोट फिरवले तरच लागावा असा. ती बुक क्लबची खूण होती. असे क्लब आपल्या सभासदांसाठी प्रकाशकाच्याच छपाईच्या प्लेटांवरून प्रती काढून घेत, त्यामुळे कधीकधी ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द त्यांतही तसेच राहत. क्लबच्या वेष्टनावर मात्र किंमत नसे, आणि किमतीचा कोपरा कापला की ती उणीव झाकली जाते. विक्रेत्याने हे जाणूनबुजून केले की त्याच्याही नजरेतून ते सुटले, हे मला कधीच कळले नाही, आणि पैसे परत मिळण्याची मुदत तर केव्हाच टळून गेली होती. ती प्रत मी अजून जपून ठेवली आहे. तेव्हापासून कोणतेही पुस्तक उघडण्याआधी मी त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवतो.

खरी दुर्मीळ पुस्तके आहेत ती रिक्टरच्या उमेदवारीच्या काळातली. ‘ब्रदर्स ऑफ नो किन’ हा कथासंग्रह १९२४ चा, आणि त्याला मूळ वेष्टनासह पाहण्याचा योग मला अजून आलेला नाही. वेष्टन हे त्या काळी धूळ बसू नये म्हणून घातलेले आवरण होते, घरी आल्यावर लोक ते टाकून देत. म्हणूनच आज अनेकदा पुस्तकापेक्षा वेष्टनालाच जास्त मोल येते. ‘द सी ऑफ ग्रास’ ही कादंबरी १९३७ साली पुस्तकरूपाने येण्याआधी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली होती. ते अंक मी एका घरसामानाच्या विक्रीत मिळवले. त्यांचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कड हातात येते, त्यामुळे मी ते वाचत नाही. आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत सपाट ठेवतो आणि वाचण्यासाठी पुस्तक घेतो.

सगळ्या संग्रहात मला सर्वांत जवळचे पुस्तक मात्र १९६० चे ‘द वॉटर्स ऑफ क्रोनॉस’ आहे. जॉन डॉनर नावाचा एक वृद्ध, आजारी लेखक आपले बालपणीचे गाव पाहायला परततो, तर ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले असते आणि तिथली थडगी वर उचलून नव्या जागी नेलेली असतात. मग एका जुन्या रस्त्याने तो खाली उतरतो आणि त्याला आपले पाण्याखालचे गाव पुन्हा जिवंत सापडते, पण त्याला मात्र तिथे कोणी ओळखत नाही. माझ्या आजीचे माहेर कोयनेच्या शिवसागरात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचा चौथरा दिसतो असे ती सांगायची, आणि चौथऱ्यापासून तिच्या घराचा दरवाजा किती पावलांवर होता ते बोटे मोजून दाखवायची. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ती जाऊन चार वर्षे झाली होती. त्याच्या तीन प्रती माझ्याकडे आहेत, आणि चौथी चांगल्या स्थितीत दिसली तर तीही मी घेईन.

पत्रांचा प्रश्न पुस्तकांपेक्षा नाजूक असतो. रिक्टर गर्दीपासून आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारा, संकोची माणूस होता. १९५० साली तो पाइन ग्रोव्हला परतला आणि १९६८ साली वारला. त्याचे एकच पत्र माझ्याजवळ आहे: अर्ध्या पानाचे, टंकलिखित, एका वाचकाला आभारादाखल लिहिलेले. कागदाला दोन आडव्या घड्या आहेत आणि त्यांतली खालची घडी विरत चालली आहे. टंकलेखन यंत्राच्या एका अक्षराच्या पोटात शाई साचलेली असल्याने ते अक्षर प्रत्येक ओळीत काळ्या ठिपक्यासारखे दिसते. सही मात्र शाईची आहे, बारीक आणि उजवीकडे किंचित चढत गेलेली. मित्र विचारतात की मी त्या पत्राचे छायाचित्र इथे का देत नाही. कागद माझ्या मालकीचा असला तरी त्यावरचे शब्द माझे नाहीत. अमेरिकन कायद्याप्रमाणे अप्रकाशित पत्राच्या मजकुराचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो, म्हणजे या बाबतीत २०३८ सालाच्या अखेरीपर्यंत. शिवाय हे पत्र ज्या व्यक्तीला लिहिले, तिने ते जन्मभर एका पुस्तकाच्या पुस्तनीत, म्हणजे पुठ्ठ्याला लागून असलेल्या कोऱ्या पानात, जपले होते, आणि त्या व्यक्तीचे नाव चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

रिक्टरच्या कागदपत्रांचा मोठा साठा प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि माझ्या घरापासून ते अंतर फार नाही. विद्यापीठाशी संबंध नसलेल्या माणसालाही नाव नोंदवून तिथे बसता येते, हे मला बरीच वर्षे माहीत नव्हते. पेन, पिशवी आणि कोट बाहेर ठेवावे लागतात, आत फक्त पेन्सिल चालते. हातमोजे घालायला सांगतील अशी माझी समजूत होती, पण कागद हाताळताना स्वच्छ, कोरडी बोटेच बरी, कारण मोज्यामुळे बोटांचा अंदाज जातो आणि कड फाटते. एका वेळी एकच पेटी, पेटीतून एकच फोल्डर, आणि फोल्डरमधल्या कागदांचा क्रम जराही बदलायचा नाही. मी तिथे काही संशोधन केले नाही. ज्या माणसाचे वाक्य मी साताऱ्यात दुसऱ्याच भाषेत वाचले होते, त्याच्या हाताखालून गेलेले कागद समोर ठेवून एक दुपार बसलो, एवढेच.

माझ्या कपाटात आता रिक्टरच्या प्रत्येक पुस्तकाशेजारी जी. एं.चा अनुवाद ठेवण्यासाठी जागा राखलेली आहे, आणि गंमत नव्हे तर खेदाची गोष्ट अशी की मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती मिळवणे इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड जाते. इंग्रजी पुस्तक कोणाच्या तरी घरात वेष्टनासह तसेच पडून राहिले. मराठी पुस्तक वाचनालयात गेले, शेकडो हातांतून फिरले. मूळ मुखपृष्ठ फाटल्यावर बाइंडरने ते काढून टाकले, फर्मे, म्हणजे छापील पानांचे घडी केलेले संच, पुन्हा शिवून वर जाड पुठ्ठा आणि रेक्झिनचा कणा चढवला, कडा कापताना समासही खाल्ला. संग्राहकाच्या भाषेत अशा प्रतीला फारसे मोल नाही. तरीही, गेल्या दिवाळीत पुण्याला गेलो असताना रद्दीच्या दुकानात ‘शिवार’ची अशीच एक प्रत दिसली, आणि दुकानदाराने सांगितले तेवढे पैसे मी लगेच देऊन टाकले. मुखपृष्ठ नाही, पहिली दोन पाने नाहीत, सतराव्या पानावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का आहे. मागच्या पुस्तनीवर मात्र तारखांची चिठ्ठी शाबूत आहे. तिच्यावर एकाखाली एक चौतीस तारखा आहेत, शेवटची १९९१ सालची, आणि ‘द फील्ड्स’च्या १९४६ च्या प्रतीला लागून मी ती उभी करून ठेवली आहे.